नववी ब कुणाच्या ताब्यात?

शाळेत खडू संपतात, डस्टर हरवतात, किस्से मात्र वाढतच जातात! आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत डबा उघडला रे उघडला, की कुणीतरी "अहो, आज काय झालं माहितीये?" म्हणून सुरू होतं आणि भाजी गार होते. मी मराठीची बाई. बोलायला मला कारण लागत नाही, त्यामुळे निम्मे किस्से माझ्याकडेच जमा आहेत. पण गेल्या वर्षीचे सगळे किस्से एकाच वर्गाचे. नववी ब!

आमची शाळा कर्जत तालुक्यात, कशेळ्याजवळ, मुरबाड रस्त्याला लागून. नववी बवर बदली तास लागला की आमच्यातल्या भल्याभल्यांचं डोकं दुखायला लागायचं. पोरं वाईट नव्हती हो. गप्प बसत नव्हती, एवढंच!

जूनमध्ये हा वर्ग सायली मॅडमच्या गळ्यात पडला. मोहोपाड्याच्या कंपनी कॉलनीत वाढलेली मुलगी, विषय विज्ञान, पहिलीच नोकरी, तीही शिक्षणसेवक. म्हणजे अजून कायम व्हायची होती. मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, तिला पहिल्याच आठवड्यात बोलावून सांगितलं, "गणपती झाले की मी स्वतः वर्गात येऊन बसणार. वर्ग ताब्यात नसेल, तर मला अहवालात तसं लिहावं लागेल. मग तुम्हाला कायम करा म्हणून मी शिफारस करणार नाही."

पोरगी पांढरीफटक पडून बाहेर आली. मला सरांचा असा राग आला! पण बोलते कोण?

* * *

सायलीचा आवाज मऊ. पहिल्या दिवशी ती फळ्यापाशी उभी राहून म्हणत होती, "प्लीज, शांत बसा. प्लीज."

मागच्या बाकावरून नितेश उठला. उंच, हसरा, आणि आख्ख्या गोंधळाचं मूळ. अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, जरा जोरात बोला ना. आमच्या गलक्यात तुमचा आवाज येत नाय!"

* * *

मी तिला माझा जुना उपाय सांगितला. "जो बोलेल त्याला वर्गाबाहेर उभा कर. एक बाहेर गेला की बाकीचे सरळ होतात." तिने नितेशला व्हरांड्यात उभं केलं.

आता आमचा व्हरांडा रस्त्याकडे तोंड करून, आणि समोरच शेअर जीपचा थांबा. नितेश थोडा वेळ उभा राहिला, कंटाळला, आणि मग आम्हाला सगळ्या वर्गांत ऐकू आलं, "कर्जत, कर्जत, कर्जत! चला मावशी, एकच सीट हाय, लगेच निघतंय!"

दुसऱ्या दिवशी जीपवाला गेटवर हजर. "मॅडम, त्या पोराला आज भायेर काढणार नाय काय? काल गाडी काय पटकन भरली!"

* * *

मग पुढे सरसावले भोईरसर. आमचे खेळाचे शिक्षक. जगातल्या प्रत्येक प्रश्नावर त्यांच्याकडे एकच उत्तर असतं आणि ते त्यांच्या गळ्यात लटकत असतं. त्यांनी सायलीला नवीकोरी शिट्टी दिली. "गोंधळ झाला की फुंका. मग बघा!"

तिने फुंकली. आख्खा वर्ग क्षणात उठला आणि धडाधड पायऱ्या उतरून मैदानात पळाला. मैदानात ओळी झाल्या, अंतर घेतलं गेलं, सावधान सुद्धा झालं! शिट्टी वाजली की मैदानात यायचं, हे भोईरसरांनीच त्यांना पाचवीपासून शिकवलेलं. सायली रिकाम्या वर्गात शिट्टी हातात धरून उभी.

भोईरसर मात्र खूश. "पण वर्ग शांत झाला की नाही?"

* * *

मोठ्या सरांचाही एक सांगायला हवा, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळी गंमत नवीन लोकांचीच. सरांना टाचणी पडलेली ऐकू येईल अशी शांतता लागते. गोंधळ घालणारा वर्ग रंगेहाथ पकडायला ते बूट काढतात आणि नुसत्या मोज्यांवर, पावलांचा आवाज न करता व्हरांड्यातून येतात. आणि दर वेळी त्यांना आख्खी शाळा चिडीचूप सापडते. "बघा, शिस्त!" असं आम्हाला अभिमानाने सांगतात.

बूट ते जिन्याच्या तोंडाशी काढून ठेवतात. काळे, चकचकीत. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतात. सरांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

* * *

भातलावणीचे दिवस आले. सायलीने नितेशच्या आईला बोलावून घेतलं. माउली शेतातून तशीच आली, गुडघ्यापर्यंत चिखल. सगळं ऐकून म्हणाली, "मग हाणा की चांगला! आमी काय बोलणार नाय."

"अहो ताई, मारायची परवानगी नाही आता."

"तुमाला नाय. मला हाय ना?" असं म्हणून ती जी वर्गाच्या दारात फतकल मारून बसली, ती तास संपेपर्यंत हलली नाही. नववी ब गाईसारखी गरीब! सायलीला इतका आनंद झाला की तिने विचारलं, "ताई, उद्या याल का?"

"मी येतंय गं. माझ्या जागी लावणीला तू येतंस काय?"

आणि ही वेडी रविवारी खरंच गेली हो! खाचरात पाहते तर निम्मी नववी ब तिथेच, कमरेत वाकून, एका ओळीत, मुकाट्याने रोपं लावत होती. सायलीला राहवलं नाही. "अय्या, तुम्हाला इतकं छान शांत राहता येतं?"

नितेशने मान वर न करता फर्मावलं, "मॅडम, कामात बोलू नका. ओळ वाकडी होतंय तुमची!"

* * *

पण सोमवारी वर्ग पुन्हा जैसे थे. गणपती जवळ येत चालले होते. एका दुपारी सायली डबा न उघडताच बसली होती. मला म्हणाली, "ताई, मी नोकरी सोडते. अहवालात वाईट शेरा येण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं." मला फार वाईट वाटलं. पोरगी जीव तोडून शिकवायची. उपदेश करायला माझ्या तोंडाशी शब्द आले, पण माझ्या उपदेशाची जीप आधीच भरून गेली होती, तेव्हा गप्प बसले.

खिडकीबाहेर नववी बची कबड्डी चालली होती. सायली शून्यात बघत होती, ती अचानक नीट बघायला लागली. नितेश आउट होऊन रेषेबाहेर बसला होता. चिडीचूप!

"भोईरसर, हा इतका गप्प कसा बसलाय?"

"मग काय करेल? बाहेरून बडबड केली तर टीमचं नुकसान. आणि आपल्यातलं कुणी गुण आणला की हा आत येणार. तो तीच वाट बघतोय."

सायलीने डबा उघडला आणि भराभरा जेवली.

दुसऱ्या दिवसापासून नववी बमध्ये कबड्डीचा नियम लागू. मध्ये बोलला तो आउट, भिंतीपाशी जाऊन उभा. कुणी बरोबर उत्तर दिलं की एक जण आत, आधी गेलेला आधी. आउट झालेल्याने बोलायचं नाही आणि उत्तरही द्यायचं नाही. नियम सगळ्यांना सारखा. आठवड्याभरात मी माझ्या कानांनी ऐकलं, मधल्या सुट्टीत नितेशचे दोस्त एकमेकांवर ओरडत होते, "अरं, धडा वाच रं! पुढच्या तासाला नितेश आउट होणार, त्याला आत कोन आणणार?"

* * *

गणपती झाले. मोठे सर ठरल्याप्रमाणे नववी बमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसले. मी दहावीला निबंध लिहायला दिला आणि व्हरांड्यातल्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. लाज वगैरे सगळी बाजूला ठेवली होती!

तास काय सुंदर चालला होता! नितेश तेवढा सवयीने आउट होऊन भिंतीपाशी, बाकी हात भराभर वर. सर मान डोलावत होते. माझा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात सरांच्या खिशात आरती सुरू झाली. टाळांसकट! सरांनी फोन काढला आणि बसल्या जागेवरून मोठ्याने, "हॅलो! हां, बोला. नाही हो, वर्गात आहे."

पुढच्या बाकावरची छोटीशी मनीषा उभी राहिली. "मॅडम, सर आउट!"

वर्ग गार. सायलीच्या हातातला खडू हवेतच. सरांना सोडलं तर नियम गेला, म्हणजे वर्ग गेला. नाही सोडलं तर नोकरी! मी खिडकीचा गज घट्ट धरला.

सायली तिच्या त्याच मऊ आवाजात म्हणाली, "सर... नियम सगळ्यांना सारखा आहे."

मोठे सर फोन बंद करून उठले आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. नितेशने अदबीने सरकून त्यांना पंख्याखालची जागा दिली.

सायलीने प्रश्न विचारला. आख्ख्या वर्गाचे हात वर, उत्तर बरोबर, नितेश आत. आता भिंतीपाशी सर एकटेच. सायलीने घाईघाईने दुसरा प्रश्न विचारला. सोप्यातला सोपा.

एक हात वर येईल तर शपथ! एरवी बाकावर उभी राहून उत्तरं देणारी पोरं वहीत डोकं घालून बसली. सायलीने आणखी सोपा प्रश्न विचारला. मनीषा छताकडे बघत होती. नितेश डोळे मिटून विचार करत होता!

शेवटी सरांनाच राहवलं नाही. "अरे, सोपं आहे रे! सांगा कुणीतरी!"

"मॅडम, सर आउट असून बोलले!"

आणि घंटा झाली.

सर तडक ऑफिसात गेले. सायली स्टाफरूममध्ये येऊन माझ्या शेजारी मटकन बसली. "ताई, संपलं सगळं." मी तिचा हात धरला. भोईरसर नुसतेच शिट्टीशी चाळा करत होते.

इतक्यात आमचे शिपाई गणूमामा दारात आले. "सायली मॅडम, उद्या नववी बला तुमचा तास कवा हाय? सरांनी इचारलंय."

सायली कशीबशी म्हणाली, "पहिलाच. का हो मामा?"

"काय म्हाईत नाय. सर म्हनाले, मी अजून आउट हाय, मला आत यायचंय."