कडूला सोबत

अख्ख्या बेळगावात कडू चवीची इज्जत राखणारा माणूस एकच, आणि तो माझ्या आईचा मावसभाऊ आहे. गोव्यातल्या एका बारमध्ये वीस वर्षं लोकांचे ग्लास भरून, स्वतः थेंबही न घेता, मामा वडगावात, आमच्या विणकरांच्या गल्लीत, परत आला. येताना आणलं काय, तर टॉनिक वॉटरचं वेड. हे कडवट सोड्याचं पाणी, जिनमध्ये घालतात ते. मी दारूमुक्तीची पत्रकं लिहिते. बाटलीची सावलीसुद्धा घरात नको, हे माझं छापील मत. म्हणून मामाने पहिली बाटली आमच्या ओट्यावर ठेवली, तेव्हा मी ती उचलून दाराबाहेर नेली. तो ती परत घेऊन आला. "पोरी, ह्यात दारू न्हाय. दारूची रिकामी जागा भरायची हाय आपल्याला."

ती जागा माझ्या वडिलांची होती. दारू सोडून त्यांना तेव्हा तीन आठवडे झाले होते. दिवस हातमागावर निघायचा. संध्याकाळी सात वाजले की हात रिकामा पडायचा आणि पाय चपला शोधायचे. आई लिंबाचं सरबत पुढे करायची. एक घोट घेऊन वडील ग्लास सरकवायचे, "हे बारक्या पोरास्नी दे." सात वाजता माणसाने नेमकं काय करायचं, हे माझ्या एकाही पत्रकात नव्हतं. मामाला ते ठाऊक होतं.

त्याचे नियम सोवळ्याहून कडक. टॉनिक बर्फासारखं गार हवं, कोमट झालं की नुसता काढा. कडूला साखरेखाली पुरायचं नाही, त्याला सोबत द्यायची. कधी कोकमाचं आगळ, थोडंसं गुळाचं पाणी, चिमूटभर मीठ आणि ठेचलेलं आलं. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं. कधी गार कोरी कॉफी आणि वर संत्र्याची साल पिळून. एकदा त्याने सोलकढीत टॉनिक ओतलं. ती फाटली, मांजराने तोंड फिरवलं, आणि मामाने सगळा ग्लास स्वतः संपवून "नारळ लई मानी हाय" असा निकाल दिला.

ओतताना शेजारचे यंत्रमाग बंद लागायचे. खडखडाटाने बुडबुडे मरतात, ही त्याची श्रद्धा. शेजारचे आप्पा वैतागायचे, "लेका, साडी अडलीय माझी. उद्या भर की तुझा ग्लास."

"साडी उद्या बी विणता येतीय आप्पा. दाजींचं सात आजच वाजणार."

आप्पा पुटपुटत चारही माग थांबवायचे. गल्ली गप्प व्हायची. मामा ग्लास तिरका धरून कडेने टॉनिक सोडायचा आणि वडील बघत बसायचे. दोन वर्षं मी याला नाटक म्हणत आले. आपलं पत्रक अपुरं होतं हे कबूल करायला प्रचारकाला फार जड जातं. पण त्या दोन वर्षांत वडील एकदाही घसरले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मामाला ताप आला. ताप उतरला, पण जिभेची चव गेली. त्याने कुणाला सांगितलं नाही. आई मीठ घालायला विसरली ती आमटी त्याने मुकाट्याने भुरकली, तेव्हा आम्हाला कळलं. त्याच संध्याकाळी त्याने कोकमात गुळाचं पाणी दोनदा घातलं. मी बोलणार, तोच वडिलांनी नजरेने मला थांबवलं आणि घोट घेतला. मामा त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"कसं झालंय दाजी? कडू लागतंय न्हवं?"

"लागतंय की. आज जरा ज्यास्तच जमलंय."

ते गोड पाणी त्यांनी सावकाश, तळापर्यंत संपवलं. मग मामाचा हात धरून त्याला शेजारच्या खुर्चीत बसवलं, आणि आठ वाजून गेले तरी सोडला नाही.