न बसणारी पिन

एकाच कामासाठी इतक्या तऱ्हेची भोकं ज्यानं पाडली, त्या माणसाला मला एकदा समोर बसवून जाब विचारायचा आहे. यूएसबीतल्या पहिल्या अक्षराचा अर्थ म्हणे 'सगळीकडे चालणारं'. आमच्या घरात एका डब्यात अशा सगळीकडे चालणाऱ्या अकरा वायरी आहेत आणि त्यातली एकही हवी तिथे चालत नाही.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. अप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. श्रावणात मोरीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ते खाटेवर. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. एरवी ते बँकेत जाऊन अंगठा देऊन यायचे. त्या वर्षी ते जमणार नव्हतं. पेन्शन थांबली असती तरी घर चाललं असतं, मला पगार आहे. पण अप्पांचा घोर वेगळाच होता. "कागदावर मेलो म्हंजे मंग मेलोच की," असं ते दिवसातून तीनदा म्हणायचे.

मोबाइलसमोर चेहरा धरायचीही सोय आहे. पण मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांची उघडझाप त्या ॲपला काही पटेना. मग आमच्या राजूरलाच, गल्लीत ऑनलाइन फॉर्म भरून देणारा माझा मित्र आहे, त्याचं अंगठ्याचं मशीन मागून आणलं. त्याचा कॉम्प्युटर टेबलावरचा, तो खाटेपर्यंत येणार नव्हता. लॅपटॉप मात्र माझ्याकडे होता, लेकीनं वर्षापूर्वी दिलेला. महिना संपायला पाच दिवस होते.

लॅपटॉपला डावीकडे दोन बारीक लंबगोल भोकं, त्याला टाइप-सी म्हणतात. उजवीकडे एकच जुनं, चपटं, चौकोनी. मशीनची पिनही चपटी. मी म्हटलं, झालं काम. पिन लावली तर अर्धी जाऊन अडली. उलटी केली, मुळीच जाईना. पुन्हा सुलटी केली, पुन्हा अर्धी. हा खेळ ज्यांनी कधी खेळला आहे त्यांना माझा संताप समजेल.

अप्पा खाटेवरून बघत होते. म्हणाले, "जोर नको लावू. पाना बसत नसला तर आत काय अडकलं ते बघावं."

"अप्पा, ही एसटी न्हाई," मी खेकसलो.

मी नीट वाकून पाहिलं तर पोर्टाच्या आतली पट्टी निळी, आणि मशीनच्या पिनेतली पांढरी. मला वाटलं, सापडलं! हा नवा प्रकार, तो जुना, म्हणून बसत नाही. मास्तर माणसाला कारण सापडलं की दुसरं काही तपासायची गरज वाटत नाही. मी तडक भोकरदनची बस धरली.

भोकरदनला बसस्टँडजवळ एका मारवाड्याचं मोबाइलचं दुकान आहे. गर्दी एवढी होती की मी लांबूनच ओरडलो, "टाइप-सीला चपटी पिन जोडायचं द्या." त्यानं एक कन्व्हर्टर काढून दिला. घरी येऊन लावला आणि मशीनची लाल काच उजळली. अप्पांच्या चेहऱ्यावर मी तीन महिन्यांत पाहिला नव्हता असा उजेड आला. त्यांनी धोतराला अंगठा पुसला आणि काचेवर ठेवला. स्क्रीनवर आलं, मशीन सापडत नाही.

पुन्हा ठेवला. मशीन सापडत नाही. वायर काढली, लावली, लॅपटॉप बंद करून चालू केला, दुसऱ्या भोकात घातली. लाल काच अंगठ्याखाली ठणठणीत उजळून राहिलेली आणि स्क्रीनवर तेच वाक्य. मी त्या कन्व्हर्टरला, दुकानदाराला आणि लॅपटॉप बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. सगळ्या मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर बायको दारातच म्हणाली, "अप्पांकडं बघा जरा." त्यांनी सकाळपासून तीनदा गरम पाणी मागून घेतलं होतं. साबण आणि वजरीनं घासून घासून अंगठा लालबुंद केला होता.

"मशीनचा दिवा लागून राह्यला," ते मला म्हणाले, "मंग माझ्याच अंगठ्यात काय राह्यलं न्हाई."

"अप्पा, अंगठा बराबर आहे. पिनचा लफडा आहे."

"बरं," ते म्हणाले. विश्वास कणभरही नव्हता. आणि समजावत बसायला मला धीर नव्हता. आता याची लाज वाटते. चार दिवस मी पिनांच्या जाती शिकत होतो आणि हा माणूस खाटेवर पडून, आपण संपलो, असं समजत होता.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सुट्टी टाकून मशीन आणि लॅपटॉप दोन्ही पिशवीत घालून मी पुन्हा त्या दुकानात गेलो. भांडायच्या तयारीनंच.

"सर, हा फक्त चार्जिंगचा आहे," दुकानदार शांतपणे म्हणाला. "करंट जातो, डाटा न्हाई जात. तुम्ही सांगितलंच न्हाई मशीन जोडायचं म्हणून. डाटावाला माल खतम झाला, उद्या येईल."

"उद्या काय चाटायचाय? आज शेवटचा दिवस आहे! आणि या निळ्या पट्टीत जुनी पिन बसत नाही त्याचं काय?"

"कोण म्हणलं? निळी असो की पांढरी, साइज एकच. बिलकुल बसते. निळी जरा फास्ट चालते, एवढंच." त्यानं मोबाइलची बॅटरी लावून पोर्टात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "सर, आत काय तरी लाल अडकून राह्यलंय."

त्यानं बारीक चिमट्यानं ते काढून माझ्या तळहातावर ठेवलं. कुंकवात माखलेला तांदळाचा दाणा होता.

खंडेनवमीला अप्पा सगळी हयात आपले पाने, हातोडा पाटावर मांडून पूजा करत आले. त्या वर्षी खाटेवरून म्हणाले, माझी हत्यारं आता गंजली, तुझं आण. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी हळदीकुंकू लावलं, ओल्या अक्षता टाकल्या. मी फडक्यानं वरवर पुसून घेतला. त्या पोर्टात तेव्हापासून मी काही घातलंच नव्हतं.

दुपारी तीनला पिन खटकन बसली. अप्पा अंगठा पुढे करेनात. मीच त्यांचा हात धरून काचेवर टेकवला. वजरीनं सोललेली कातडी, म्हणून ठसा पहिल्यांदा नाही आला. मी म्हटलं, दुसरा देऊ. डाव्या अंगठ्यानं हिरवी खूण आली, खाली त्यांचं नाव आणि दाखल्याचा नंबर.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. अंगठा बराबर होता, अप्पा. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं तेच होतं. आत अडकलं होतं, मी बघितलं न्हाई."

"काय होतं?"

खोटं बोलावंसं वाटलं होतं, पण दाणा खिशातच होता. त्यांनी तो बोटांत धरून डोळ्यांजवळ नेला. पूजेसाठी या माणसानं उभ्या जन्मात कुणाची परवानगी मागितली नव्हती.

"पुढच्या खंडेनवमीला," ते म्हणाले, "टाकू का मंग अक्षता?"

"टाका," मी म्हणालो. "आधी मला भोकांवर तेवढी चिकटपट्टी लावू द्या."