चपला काढून बसायची गाडी

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या नरेंद्र केळशीकरांकडे दोन पांढऱ्याशुभ्र गोष्टी आहेत: डोक्यावरचे केस आणि गॅरेजमधली चौसष्ट सालची लिंकन कॉन्टिनेंटल. पैकी केसांकडे त्यांचं फारसं लक्ष नसतं.

चार दारांची, टप उघडणारी ही ऐसपैस गाडी त्यांनी एक्याऐंशी साली एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडून जेमतेम वापरलेली घेतली. काका तेव्हा औषधांच्या कारखान्यात केमिस्ट होते. किल्ली देताना बाई एवढंच म्हणाल्या, "जपा हिला." काकांनी ते भलतंच मनावर घेतलं. त्या दिवसापासून गाडीत पादत्राणं बंद. देवघरात जावं तसं दाराशी चपला काढायच्या, डिकीत ठेवायच्या आणि मगच आत पाय टाकायचा. काका स्वतः नुसत्या मोज्यांवर ड्राइव्ह करतात. मित्रांनी टिंगल केली, मुलानं, नीलनं, कॉलेजात असताना लाजेपोटी गाडीत बसणंच सोडलं. कांचन काकू तर आजवर तिला 'तुमची ती गाडी' म्हणत आल्या. काका बधले नाहीत.

यंदा जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात काकांनी पहिल्यांदाच नाव दिलं, तेही 'ओरिजिनल' गटात. तिथला नियम कडक: कारखान्यातून निघाली तशीच गाडी हवी. साधा गालिचा बदललेला निघाला, तरी रवानगी 'दुरुस्त केलेल्या' गटात. बक्षीस हुकलं असतं तर काकांनी सोसलं असतं, पण चव्वेचाळीस वर्षं जपलेल्या गाडीवर 'दुरुस्त' हा शिक्का त्यांना जिव्हारी लागला असता.

परीक्षक हॅलोरन वाकून वाकून पाहत होते.

"गाडी सुंदर आहे, सर. पण नव्वद हजार मैल धावली आणि ब्रेक पेडलच्या रबरावरची नक्षीसुद्धा झिजली नाही? गालिचाही नवाकोरा. हे बदललेलं आहे."

"नाही हो. काहीच बदललेलं नाही."

"मग तसे कागद दाखवा."

काकांचा चेहरा उतरला. न केलेल्या कामाची पावती आणायची कुठून?

हॅलोरननी पेन काढलं आणि गालिच्याची कड तपासायला एक पाय आत टाकला.

"शूज!" काका ओरडले.

आजूबाजूच्यांनी वळून पाहिलं. मागच्या सीटवर बसलेल्या काकूंनी कपाळावर हात मारला. ज्याच्या हाती पेन, त्याच्यावरच खेकसायचं? पण स्वभावाला औषध नसतं, केमिस्टच्यासुद्धा.

हॅलोरनचा पाय अधांतरी राहिला. त्यांनी खाली पाहिलं. गवतावर काकांचे बूट, काकूंच्या चपला आणि नात अनयाचे स्नीकर्स ओळीनं मांडलेले. काका मोज्यांवर उभे.

"नेहमीच असं?"

"नेहमीच!" काकू कडाडल्या. "चौऱ्याऐंशी साली नीलच्या वेळी मला कळा येत होत्या. हॉस्पिटलला निघालो, तर हा माणूस दार अडवून उभा. म्हणतो, आधी चपला काढ!"

"आजोबा, यू डिडन्ट!" अनया किंचाळली.

काका वाकून ओळीतले बूट आणखी सरळ करू लागले.

हॅलोरन पोटभर हसले. मग तिथेच गवतावर बसून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. तसेच ते आत शिरले, गालिचा उचलून त्याच्या पाठीवरचा कारखान्याचा पुसट शिक्का त्यांनी टॉर्चनं वाचला आणि कागदावर ठसठशीत लिहिलं, 'ओरिजिनल'. काकांची छाती फुगली, डोळे भरून आले, आणि दोन्ही त्यांनी लपवलं नाही.

संध्याकाळी बूट चढवून काका मंचावर गेले, पहिल्या बक्षिसाची निळी रिबीन घेऊन आले, भेटेल त्याला दाखवत सुटले. त्याच तंद्रीत त्यांनी दार उघडलं आणि थेट आत पाय टाकला.

"अहो!" काकू गरजल्या. "माझ्या गाडीत बूट?"