आत्याचं औक्षण

नाहूरच्या त्या सोसायटीत वनमालाच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. पाण्याच्या टाकीवरून तिने सेक्रेटरीला भर मीटिंगमध्ये असा धुतला होता की बिचाऱ्याने पुढच्या वर्षी पदच सोडलं. फक्त समोरच्याच ब्लॉकमध्ये राहणाऱ्या भावजयीपुढे, दिपालीपुढे, तिची बोलती बंद व्हायची. वनमालाचा नवरा गेल्यापासून चार वर्षं दिपालीने तिला आपल्या मुलीला, प्रांजलला, ओवाळू दिलं नव्हतं. भांडण नाही की काही नाही. वाढदिवसाला तबक बाहेर निघायच्या वेळी ती गोड आवाजात म्हणायची, "ताई, जरा पुऱ्या बघता का?" आणि ही बया मुकाट्याने आत जाऊन पुऱ्या तळायची. स्वतःचाच राग यायचा तिला.

यंदा गणपतीत सोसायटीने फार्स बसवला. पोरीच्या वाढदिवसाला आधी कोण ओवाळणार यावरून आई आणि आत्याची जुंपते, एवढीच गोष्ट. आईचं काम दिपालीला, आत्याचं वनमालाला, आणि पोर म्हणून खरीच प्रांजल. तालमीत तबक रिकामं असायचं. प्रयोगाला मात्र वनमालाने त्यात हळदकुंकू, अक्षता, सुपारी ठेवली आणि विंगेत निरांजन लावलं.

ती स्टेजवर आली तशी दिपालीचा चेहरा उतरला.

"ताई, ते खाली ठेवा." हे वाक्य नाटकात नव्हतं.

"का म्हणून?"

"माझ्या मुलीला काही झालं तर?"

मंडप खदखदून हसला. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

"चार वर्षं पुऱ्या तळल्या मी," वनमाला म्हणाली. "विधवा आहे म्हणून ना? बोल ना तोंडाने. सगळ्यांसमोर बोल."

दिपालीने पुढे वाकून फू केलं आणि निरांजन विझवलं.

देवाचा दिवा फुंकून कुणी विझवत नाही. पहिल्या रांगेतल्या बायकांचं हसू जागच्या जागी थांबलं. मागचे अजून टाळ्या पिटत होते.

"आत्या, दिवा गेला," पाटावरची प्रांजल म्हणाली.

"गेला नाही. तुझ्या आईने विझवला, भर वाढदिवसाला," वनमाला शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "अपशकून कोणी केला ते लक्षात ठेव."

मग तिने पोरीला कुंकू लावलं आणि विझल्या निरांजनाचं तबक तीनदा ओवाळलं. तिचा हात धरायला दिपाली पुढे आली नाही.