एक्केचाळीस नंबरचा हिरडा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. खरं सांगायचं तर माणसांवरही फारसा नाही... कामच तसं आहे माझं. पाटणच्या वर, कोयनेच्या राखीव जंगलात आमच्या खात्याचा, झाडांची वाढ नोंदवायचा एक प्लॉट आहे. झाडांना नंबरचे पत्रे ठोकलेत. दर जानेवारीत छातीइतक्या उंचीवर टेप गुंडाळून प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा – वर्षानुवर्षं हेच.

मोजायचे दगडूतात्या, रोजंदारीवरचे वनमजूर. मी ऑफिसात बसून आकडे तपासायचो. एकदा सहज वर गेलो, तर ४१ नंबरचा हिरडा आडवा! खोड शेवाळलेलं, निम्मं कुजलेलं. पडून तीन-चार वर्षं तरी झाली असणार. आणि वहीत? दरवर्षी न चुकता एक सेंटीमीटर वाढ.

तात्यांना विचारलं, तर खाली मान घालून म्हणाले, "आवं सायेब, पडलंय त्ये मला बी दिसतंय की. पर मोजाय गेलो की हुबं असतंय. मी काय करू?"

"तात्या, मला शेंडी लावू नका," म्हणालो, आणि घरी बसून आकडे ठोकून देतात असा रिपोर्ट दिला. काम गेलं त्यांचं.

पुढच्या जानेवारीत मी स्वतः गेलो. जुनी वही मुद्दाम नेली नाही. लिहायला सोबत नसरीन, ऑफिसात नवीनच लागलेली. मोजणाऱ्याने आकडा ओरडायचा, लिहिणाऱ्याने तो परत म्हणायचा, 'हो' आलं की मगच लिहायचं – अशी आमची पद्धत. भर दुपारी काम उरकलं. आडवा हिरडा ओलांडून पुढे गेल्याचं मला स्वच्छ आठवतंय.

संध्याकाळी तक्ता पाहिला. ४१ – १६३. आदल्या वर्षी वहीत १६२.

नसरीनवर उखडलोच मी. ती म्हणाली, "सर, तुम्हीच ओरडलात. मी परत म्हटलं, तुम्ही हो म्हणालात. तुमचे दोन्ही हात खोडाभोवती होते."

दोघं मिळून मला बनवतायत, असंही वाटलं. पण तिने तात्यांना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

शेवटी उंब्रजला गेलो. तात्या आता लेकीकडे असतात. मी काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "मोजलासा न्हवं? किती भरलं?"

"एकशे त्रेसष्ट."

"व्हय. दरसाल येकच वाढतंय." एवढं बोलून त्यांनी लेकीला चहा टाकायला सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. तात्यांना परत कामावर घ्या, असं पत्र लिहायला मी कितीदा तरी बसलो. 'कारण' या शब्दापुढे पेन थांबतं... आणि माझी नोकरी अजून शाबूत आहे.