साहेबाच्या नावावर काळी पट्टी

पडद्यावर माझं नाव होतं. अकराव्या ओळीत. बाराव्या ओळीत माझ्या धाकट्या बहिणीचं. पुढे वय, वस्ती, जात आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द. वाहक.

बालाघाटातल्या त्या सभागृहात साठेक माणसं बसली होती. सभेचा विषय होता 'आपली माहिती, आपला हक्क'. मोबाइलवर, इंटरनेटवर लोकांची खासगी माहिती उघडी पडू नये म्हणून लढणारी ती शहरातली संस्था. चांगली माणसं आहेत, असं मीच सगळ्यांना सांगत फिरले होते. सकाळी खुर्च्याही मीच मांडल्या होत्या.

यादी सिकलसेलच्या तपासणीची होती. दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत शिबिर झालं. रक्त घेतलं. आणि निकाल आम्हाला सांगण्याआधीच शिबिरवाल्यांनी यादीचा फोटो वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून दिला. वाहक म्हणजे आजारी नव्हे; नवरा-बायको दोघंही वाहक असले तर मुलाला हा रक्ताचा आजार होऊ शकतो, एवढंच. मी धडधाकट आहे. पण तुमसरचं माझं ठरत आलेलं स्थळ आठ दिवसांत गप्प झालं. ग्रुपवर सगळ्यांनी यादी पाहिली, एकानेही एक अक्षर लिहिलं नाही. नळावरच्या बायका माझ्याशी बोलायच्या, पण आधीपेक्षा जरा जास्तच गोड. त्या गोड बोलण्याने मी जितकी एकटी पडले, तितकी शिव्यांनीही पडले नसते.

मी ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात काम करते. वारासिवनीपासून उकव्यापर्यंतच्या लोकांची आधार कार्डं, जातीचे दाखले माझ्या हातातून जातात. संध्याकाळी दुकान बंद करताना कम्प्युटरमध्ये उरलेले सगळ्यांचे कागद मी पुसून टाकते. मालकाने सांगितलेलं नाही. त्या यादीनंतर माझं मीच सुरू केलं.

म्हणून संस्थेची दीदी दुकानात आली तेव्हा वाटलं, आपलं माणूस भेटलं. तिने सगळं ऐकून घेतलं. पुरावा आहे का, म्हणाली. यादीचा फोटो मी मोबाइलमध्ये जपून ठेवला होता. तो दिला. एवढंच म्हटलं, "दीदी, बहिणीचं नाव कोणाले दिसू नये."

"अगं, तेच तर आमचं काम आहे," ती म्हणाली.

लेखी घेतलं नाही. दिवसभर लोकांच्या सह्या घेणारी मी, आणि स्वतःच्या वेळी तोंडी शब्दावर विसंबले.

बहिणीचं वारासिवनीच्या एका मुलाशी जमत आलं होतं. आम्ही लपवणार नव्हतो. येत्या रविवारी ती स्वतः त्याला सांगणार होती, तूही तपासणी करून घे म्हणणार होती. कसं बोलायचं ते तिने माझ्यासमोर दोनदा बोलून पाहिलं होतं.

आणि पडद्यावर ती बारावी ओळ. यादीच्या तळाशी शिबिर भरवणाऱ्या साहेबाची सही होती. तिथे मात्र जाड काळी पट्टी. सही झाकलेली, नाव झाकलेलं, हुद्दासुद्धा झाकलेला.

पुढच्या रांगेत दोन-तीन मोबाइल वर झाले. लोक पडद्याचा फोटो काढत होते.

मी उठले आणि पडद्यासमोर जाऊन उभी राहिले. नावं माझ्या ओढणीवर आली. डोळ्यांत उजेड गेला, समोरचं कोणी दिसेना.

"साहेबाचं नाव झाकलं. आमचं काहून नाही झाकलं?"

दीदी हसली. चिडली असती तर बरं वाटलं असतं. "अगं, त्यांचं नाव दाखवलं तर ते केस करतील आपल्यावर. आणि यादी तूच दिलीस ना? इथे सगळे आपलेच आहेत. बस बघू खाली."

साठ माणसांतून कोणीही 'बंद करा ते' म्हटलं नाही. प्रोजेक्टरची वायर मीच ओढली.

त्या अंधारात मला कळलं. पट्टी कुणाला लावायची, हे कोण केस करू शकतं ते पाहून ठरलं होतं. आमची कुणाला भीतीच नव्हती.

फोटो रविवारच्या आधी वारासिवनीला पोहोचला. मुलाने फोनवर एवढंच विचारलं, "तुमने छुपाया क्यों?" बहिणीने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"ताई, तू काहून देल्ली थे यादी?"

आता ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तिच्याशिवाय मला जवळचं कोणी नाही.

आठवड्याने संस्थेचा माणूस दुकानात आला. संमतीपत्र घेऊन. आम्हा दोघींची नावं टाइप केलेली. तारीख सभेच्या आधीची.

"फक्त सही कर. तुझ्यासारख्यांसाठीच तर लढून राहिलो ना आम्ही."

"मी नाही करत सही. अन् तिच्याकडे तर जाऊच नका."

तो जिना उतरल्यावर मी तक्रार टाइप करायला बसले. सगळ्यात वर शिबिरवाल्या साहेबाचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट. त्याखाली संस्थेचं. शेवटी माझं नाव. बहिणीचं कुठेच नाही. प्रिंट काढली, सही केली. संध्याकाळी बाकी सगळ्यांचे कागद कम्प्युटरमधून पुसले, ही तक्रार पुसली नाही.

होऊ द्या केस. या वेळी ती मी करणार आहे.