तळ्याकाठचे गप्प काका

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे घरांच्या वसाहतीच्या, मागे एक तळं आहे. रात्री जेवून मी तिथे चालायला जायचो, तेव्हा काठावर एक मराठी काका बास माशासाठी गळ टाकून बसलेले दिसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. कपाळाला दिवा, शेजारी आमिषांची भलीमोठी पेटी. वसंतात जाड जॅकेट घालून बसायचे, उन्हाळ्यात डास मारत. मासा मात्र एकही मिळाला नव्हता.

एकदा मी म्हटलं, "काका, कंटाळा नाही येत?"

"अहो, मी शाकाहारी आहे," ते हळूच म्हणाले. "अंधारात नुसता गप्प बसलो, तर घरचे डॉक्टरकडे नेतील. हातात गळ असला की त्याला हॉबी म्हणतात."

ऑक्टोबरमध्ये घात झाला. चांगला थोराड बास गळाला लागला. काका घाबरून ओरडले, "अरे, आता याला सोडवू कसा?" पलीकडून दोन अमेरिकन धावत आले. त्यांनी फोटो काढले, मासा पाण्यात सोडला आणि काकांची पाठ थोपटली. दुसऱ्या रात्रीपासून दोघं खुर्च्या घेऊन काकांच्या दोन्ही बाजूंना बसू लागले आणि आमिषांवर अखंड बोलू लागले. आठवड्याभरात काका यायचे बंद झाले.

जानेवारीत तळं गोठलं, तेव्हा ते दोघंही पांगले. एका रात्री पाहतो तर बर्फावर, उलट्या बादलीवर काका बसलेले. गळाची दोरी कडक बर्फावर आडवी पडली होती.

"काका, बर्फाला भोक पाडायचं राहिलं की!"

"हळू बोला," ते म्हणाले, "कुणीतरी येऊन पाडून देईल."